राख दारात, चर रस्त्यात

मृग लागून पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या गल्लीतला चर पुन्हा दिसायला लागतो. पाइप टाकायला तो उन्हाळ्यात खणला होता. मेअखेरीस बुजवला, वर डांबराचा काळा पट्टा ओढला, बॅरिकेड उचलली आणि माणसं पुढच्या गल्लीत गेली. पहिल्याच पावसात त्या पट्ट्यावर पाण्याची लांब सरळ रेघ उठली. चार दिवसांत रेघेचं डबकं झालं आणि पंधरा दिवसांत पट्टा चार बोटं खाली गेला. एका पहाटे दूध घालणाऱ्या काकांच्या मोटारसायकलचं पुढचं चाक तिथे रुतलं. दोन्ही किटल्या आडव्या झाल्या, काकांच्या मनगटाला प्लास्टर लागलं. गल्लीतल्या पोरांनी मग त्या खड्ड्यात विटांचे तुकडे टाकून एक फांदी रोवली. अशी फांदी रोवलेला खड्डा पाहिला नाही असा माणूस नाशिकमध्ये सापडणं कठीण आहे.

तो चर बुजवत होते तेव्हा मी दारातच उभा होतो. खणलेली माती, तिच्यातले दगड, जुन्या रस्त्याचे डांबरी पापुद्रे, सगळं जेसीबीने एका दमात आत लोटलं. वर थोडा मुरूम पडला. टँकरने पाणी मारलं. मी तिथल्या मजुराला विचारलं, "दादा, थर देऊन धुम्मस नाही का मारत?" तो म्हणाला, "कशाला साहेब, पाणी मारलं की बसतं आपोआप." तो खोटं बोलत नव्हता. पाण्याने भराव बसतो. पण वर डांबर पडल्यानंतर तो बसला तर काय होतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारणारं माणूसही साइटवर नव्हतं.

या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. आपल्याकडे चर खणणं हे काम मानलं जातं, पाइप टाकणं हे काम मानलं जातं, वरचा रस्ता करणं हेही काम मानलं जातं. चर बुजवणं हे मात्र काम मानलंच जात नाही. ते दोन कामांच्या मधलं आवरणं समजलं जातं. रस्त्याचं आयुष्य खरं तर याच मधल्या टप्प्यात ठरतं. आणि हा टप्पा नीट करायचं साधन नाशिकच्या वेशीवर, एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रापाशी, राखेच्या रूपाने कित्येक वर्षं पडून आहे.

आधी चर खचतो का ते पाहू. जमिनीत शतकानुशतकं दबून बसलेली माती आपण उकरतो तेव्हा ती फुलते, तिच्यात हवा शिरते. म्हणूनच खड्ड्यातून काढलेली माती परत त्याच खड्ड्यात मावत नाही, वर ढीग उरतो. ती पूर्वीसारखी घट्ट करायची तर पंधरा-वीस सेंटिमीटरचा एकेक थर टाकायचा, त्यात योग्य तेवढाच ओलावा ठेवायचा आणि प्रत्येक थर यंत्राने ठोकायचा. दीड मीटर खोल चराला असे आठ-दहा थर लागतात. चर जेमतेम पाऊण-एक मीटर रुंद असतो, मध्ये पाइप असतो आणि रोलर तिथे उतरूच शकत नाही. सगळ्यांत अवघड जागा पाइपाच्या दोन्ही बगलांखालची. तिथे हात पोचत नाही, धुम्मस पोचत नाही. तिथली पोकळी तशीच राहते आणि पाइप दोन-चार दगडांवर तोलून उभा राहतो. वरून डंपर गेला की तो हलतो, सांधा सुटतो, पाणी झिरपायला लागतं. झिरपणारं पाणी बारीक माती उचलतं आणि शेजारच्या जुन्या फुटक्या गटारात नेऊन सोडतं. वरून रस्ता धडधाकट दिसतो, पण खालून तो पोखरत जातो.

त्यात नाशिकची जमीन. नव्या वस्त्यांत बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, जी पावसात फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. ती चरात परत टाकली तर वर्षातून दोनदा हलणारच. गावठाणाची तऱ्हा आणखी वेगळी. संकालिया आणि देव यांनी १९५०-५१ मध्ये जुन्या मातीच्या गढीचं उत्खनन केलं, तेव्हा तिथे वस्तीवर वस्ती असे दोन हजारांहून अधिक वर्षांचे थर निघाले. म्हणजे जुनं नाशिक मुळात माणसांनीच केलेल्या भरावावर उभं आहे. सराफ बाजार आणि दहीपुलाखालून सरस्वती नाला झाकला गेलेला आहे, जोराचा पाऊस आला की तो आपली वाट मागतो. अशा जमिनीत दर दोन-तीन वर्षांनी कोणी ना कोणी चर मारतं. कधी पाणी, कधी भुयारी गटार, कधी गॅसवाहिनी, कधी फायबर.

खचलेला चर पुन्हा भरायला मुरूम लागतो. तो कुठून येतो? टेकडीतून. साधा हिशेब करून पाहा. एक किलोमीटर लांब, एक मीटर रुंद, दीड मीटर खोल चर म्हणजे दीड हजार घनमीटर, साधारण ५३० ब्रास. त्यातली पाइपाची जागा वजा केली तरी आकडा मोठाच राहतो. सारूळच्या खाणी आणि ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं खोदकाम यांवर नाशिककरांनी आंदोलनं केली, मोर्चे काढले. त्यांच्या बाजूने मी मनापासून आहे. पण टेकडीचा मुरूम कुठे जातो हा प्रश्न आपण त्याच जोराने विचारला नाही. त्यातला काही भाग आपल्याच दारातल्या चरात जातो, आणि नीट बुजवला नाही म्हणून पुन्हा पुन्हा जातो.

आता एकलहऱ्याकडे वळू. नाशिकरोडच्या पलीकडच्या त्या औष्णिक वीज केंद्रात आज २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. आधीचे १४० मेगावॉटचे दोन जुने संच निवृत्त झाले. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण तीस ते पंचेचाळीस टक्के असतं. २१० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर साधारण साडेतीन हजार टन कोळसा जळतो. त्यातला एक तृतीयांश राख धरली तरी दिवसाला हजार-बाराशे टन होतात. यातली बहुतेक राख धुरासोबत वर उडते आणि विजेच्या जाळ्यांत पकडली जाते, ती उडती राख. उरलेली भट्टीच्या तळाशी पडते. जी उचलली जात नाही ती पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात सोडतात. उन्हाळ्यात वारा सुटला की ही राख आसपासच्या गावांत उडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, कांद्याच्या पातीवर, घरातल्या भांड्यांवर बसते. १६ जुलै २०२२ ला नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा तळ्याचा बांध फुटला आणि राखेचा चिखल नाल्यांतून शेतांत शिरला. राख साठवून ठेवायचा धोका काय असतो हे विदर्भाने सोसून पाहिलं आहे.

देशभरात २०२१-२२ मध्ये सुमारे सत्तावीस कोटी टन राख निघाली आणि सरकारी हिशेबात तिच्यातली शेकडा पंचाण्णवहून अधिक वापरली गेली. सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव, सखल जागा भरणं, हे त्या वापराचे मोठे वाटे. केंद्राने राखेविषयीची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने तर औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांना राख वापरणं बंधनकारक केलं. अट एवढीच की ती पर्यायी मालापेक्षा महाग पडू नये. अख्खं नाशिक शहर एकलहऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. तरी शहराच्या रस्त्याखाली ही राख शोधायला गेलं तर सिमेंटच्या गोणीतून आलेली तेवढी सापडेल.

चर बुजवायला हीच राख वापरायची पद्धत जगात पन्नासेक वर्षं जुनी आहे. इंग्रजीत तिला फ्लोएबल फिल म्हणतात. आपण वाहता भराव म्हणू. राख, वाळू किंवा क्रशरची कच, अगदी थोडं सिमेंट आणि भरपूर पाणी यांचं पातळ मिश्रण करायचं आणि ट्रान्झिट मिक्सरच्या पन्हळीतून थेट चरात सोडायचं. ते आपली पातळी आपण धरतं, पाइपाच्या कुशीत शिरतं, कोपरे भरतं. ठोकायचं नाही, थर द्यायचे नाहीत, चरात माणूस उतरवायचा नाही. काही तासांत ते चालण्याजोगं होतं आणि नंतर सावकाश घट्ट होत जातं. सिमेंट घनमीटरला तीस ते सव्वाशे किलोच्या आसपास पुरतं. घराच्या स्लॅबच्या काँक्रीटला तीनशेच्या वर लागतं.

वाचून विश्वास बसेना म्हणून गेल्या हिवाळ्यात एका स्थापत्य अभियंता मित्राच्या अंगणात आम्ही ते करून पाहिलं. दोन घमेली कच, एक घमेलं राख, तांब्याभर सिमेंट. पाणी घालत कालवलं. मित्राच्या आईने डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "धिरड्याचं पीठ झालं रे, आता पाणी पुरे." नेमकं तेवढंच पातळ हवं असतं. तीन इंच व्यासाचा, सहा इंच उंचीचा पीव्हीसी पाइपाचा तुकडा काचेवर उभा धरून काठोकाठ भरला आणि झटक्यात वर उचलला. मिश्रण पसरत गेलं आणि आठ इंचांची गोल चकती झाली. अमेरिकी मानकात ही चाचणी जवळपास अशीच आहे. आठ इंच भरले, कडेला नुसतं पाणी सुटलं नाही, की मिश्रण जमलं.

मग मित्राने माळ्यावरची माशांची जुनी काचेची पेटी काढली. तळाशी दोन इंची पाइपाचा तुकडा आडवा ठेवला आणि एका कडेने मिश्रण ओतायला सुरुवात केली. ते पाइपाखाली सरकत जाताना काचेतून स्पष्ट दिसत होतं. ज्या बगलेत धुम्मस कधीच पोचत नाही, तिथे ते स्वतः जाऊन बसलं. आम्ही खूश होतो तोवर पाइप तरंगून वर आला. पातळ मिश्रणाचं वजन पाण्याच्या दीडपट-दुप्पट असतं, रिकामा पाइप त्यात होडीसारखा उचलला जाणारच. पुन्हा केलं तेव्हा पाइपावर वीट ठेवली आणि दोन टप्प्यांत ओतलं. दुसऱ्या दिवशी अंगठा दाबला तर ठसा उमटला नाही. महिन्याने खुरप्याने खरवडलं तर ते भाजलेल्या मातीसारखं निघालं. त्या एका दुपारी या मालाचे गुण कळले आणि त्याची खोडही कळली.

या मिश्रणामागचं रसायन आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं. वाडे आणि घाट बांधताना घाण्याला बैल जुंपून चुना मळायचे आणि त्यात सुरखी घालायचे. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. भाजलेली माती चुन्याशी पाण्यात हळूहळू जुळते आणि दगडासारखी होते, म्हणून नदीकाठचं बांधकाम पाण्यात टिकायचं. कोळशातली राख ही भट्टीच्या प्रचंड उष्णतेत भाजलेली मातीच आहे, फक्त पिठाहून बारीक. सिमेंट भिजताना चुना सुटतो, राख तो धरते. सुरखीची ही धाकटी बहीण आपण तळ्यात बुडवून ठेवली आहे.

जगाने या मालावर भरवसा ठेवला त्याचे दाखले पुष्कळ आहेत, मला दोन महत्त्वाचे वाटतात. १९६४ मध्ये अमेरिकेच्या टेक्सास राज्यात कॅनेडियन नदीचं पाणी नेणाऱ्या पाचशेहून अधिक किलोमीटरच्या वाहिनीखाली आधार म्हणून तिथलीच वाऱ्याने साचलेली वाळू सिमेंट-पाण्यात कालवून ओतली गेली. नेहमीच्या पद्धतीपेक्षा खर्च चाळीस टक्क्यांनी कमी झाल्याचा अंदाज त्या कामात निघाला. राखेचा वापर त्यानंतर सत्तरच्या दशकात डेट्रॉइटच्या वीज कंपनीने पुढे नेला, कारण तिच्याही दारात राखेचे ढीग साठत होते. दुसरा दाखला जपानचा. ८ नोव्हेंबर २०१६ ला पहाटे फुकुओका शहरात हाकाता स्टेशनसमोर, खाली मेट्रोचं काम चालू असताना, रस्ता कोसळला. सुमारे तीस मीटर रुंद आणि पंधरा मीटर खोल विवर पडलं, आत पाणी साचलं. माती-सिमेंटचं असंच वाहतं मिश्रण त्या पाण्यातच ओतत गेले. १५ नोव्हेंबरला पहाटे रस्ता वाहतुकीला खुला झाला. एक आठवडा लागला. त्या विवरात मुरूम टाकून रोलर फिरवत बसले असते तर काय झालं असतं, याची कल्पना कोणीही करू शकेल. आपल्याकडे २० सप्टेंबर २०२४ ला पुण्यात बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात पालिकेचा अख्खा ट्रक जमिनीत गेला, तेव्हा पेठांच्या पोटात किती पोकळ्या आहेत हे साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिलं.

राखेवर महाराष्ट्राचा विश्वास नाही असंही नाही. नाशिकच्या शेजारी, अकोले तालुक्यात, घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. त्याची धरणं रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, देशातली अशी पहिली. त्या काँक्रीटमध्ये सिमेंटी पदार्थांचा निम्म्याहून मोठा वाटा राखेचा आहे. सह्याद्रीचा पाऊस झेलत ती उभी आहेत. ज्या राज्याने राखेवर धरण उभं केलं त्या राज्याला दीड मीटरचा चर राखेने भरायची भीती वाटू नये.

गावठाणासाठी तर मला दुसरा उपाय दिसत नाही. भद्रकाली, तिवंधा, सराफ बाजार इथल्या बोळांत रोलर शिरत नाही. छोटं कंपनयंत्र शिरतं, पण त्याच्या हादऱ्याने दोन हात अंतरावरच्या मातीच्या भिंती आणि शंभर वर्षांचे सागवानी खांब हलतात. दर पावसाळ्यात वाडे पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. पन्हळीतून गपचूप ओतला जाणारा माल त्या भिंतींना धक्का लावत नाही. शिवाय चरात उतरून ठोकणाऱ्या मजुरावर काळ्या मातीची भिंत ढासळते, हा धोका या पद्धतीत उरत नाही. मजूर वरच उभा राहतो. मला हा मुद्दा खर्चाच्या मुद्द्याहून मोठा वाटतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत गंभीर, राखेतल्या विषाचा. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, क्रोमियम असे घटक सूक्ष्म प्रमाणात असतात आणि पाण्याशी संपर्क आला तर त्यातले काही उतरू शकतात. हा आक्षेप उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. सिमेंटने बांधलेल्या मिश्रणातून ते मोकळ्या राखेपेक्षा कमी उतरतात, कारण त्यातून पाणी फार सावकाश झिरपतं. पण 'कमी' म्हणजे किती, हे एकलहऱ्याच्या राखेवर इथल्याच प्रयोगशाळेत तपासून लोकांसमोर ठेवलं पाहिजे. तोवर गोदाकाठच्या पूररेषेत, विहिरी आणि बोअरच्या आसपास राखेचं मिश्रण वापरू नये असंच माझं मत आहे. तिथे क्रशरची धूळ आणि थोडं सिमेंट यांचं बिनराखेचं वाहतं मिश्रण चालतं. पद्धत तीच राहते, माल बदलतो. आणि तुलना करायचीच तर ती पूर्ण करा: हीच राख आज उघड्या तळ्यात आहे, पाण्यात भिजते आहे, वाऱ्यावर उडते आहे आणि तिच्या आसपास माणसं राहतात.

दुसरा आक्षेप अभियंत्यांचा, आणि तो मला पटतो. चर उद्या पुन्हा खणायचा आहे, तेव्हा खाली दगड लागला तर? उत्तर मिश्रणाच्या ताकदीत आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शनाप्रमाणे ०.३ मेगापास्कलच्या आसपासचा भराव कुदळ-फावड्याने निघतो आणि साधारण २ मेगापास्कलपर्यंतचा यंत्राने निघतो. साधं एम-२० काँक्रीट २० मेगापास्कलचं असतं. म्हणजे आपल्याला हवा तो माल मुद्दाम कमजोर ठेवलेला आहे. पण इथे राखेचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ती उशिरा कडक होते आणि वर्ष-वर्षभर कडक होतच राहते. अठ्ठावीस दिवसांची चाचणी पाहून खूश झालेला अभियंता दोन वर्षांनी गळती काढायला गेला तर त्याला ब्रेकर मागवावा लागेल. म्हणून ताकदीची वरची मर्यादा वर्षभराच्या नमुन्यावर ठरवली पाहिजे. आपल्या निविदांत 'किमान ताकद' लिहायची सवय आहे, इथे 'कमाल ताकद' लिहावी लागेल. कंत्राटदाराने भलेपणाने जास्त सिमेंट घातलं तरी ते काम बिघडवणं ठरेल.

तिसरा आक्षेप पैशांचा. ब्रासच्या भावाने मुरूमच स्वस्त, यात वाद नाही. पण मुरुमाच्या दरात ठोकणं धरलेलं असतं आणि ते होत नाही. खचल्यावरचा पॅच, त्यानंतरचा पॅच, फुटलेल्या सांध्यातून गेलेलं पाणी, मोडलेलं मनगट, हे त्या दरात कुठेच नसतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यात जीव गेलेल्यांच्या वारसांना सहा लाख रुपये भरपाई द्यायचा आणि ती जबाबदारांकडून वसूल करायचा आदेश दिला. तेव्हापासून खचलेल्या चराला निदान कागदावर तरी किंमत लागली आहे.

खरी अडचण मात्र यातल्या एकाही आक्षेपात नाही, ती मोजमाप वहीत आहे. कंत्राटदाराला पाइपाच्या मीटरने पैसे मिळतात, खोदाईच्या घनमीटरने मिळतात, रस्त्याच्या चौरस मीटरने मिळतात. भराव 'परत भरणे' या एका ओळीत येतो आणि वर डांबर पडलं की तो तपासायची सोय राहत नाही. दहा थर मारले की एक मारला, हे पहिल्या पावसाआधी कोणालाच दिसत नाही. ज्या कामाचा पुरावा कामासोबतच गाडला जातो त्या कामात प्रामाणिक माणूस तोट्यात जातो. शेजारच्या कंत्राटदाराने थर दिले नाहीत म्हणून त्याची निविदा कमी दराची असते आणि तोच काम घेऊन जातो. वाहत्या भरावाचं माझ्या मते सगळ्यांत मोठं मोल इथे आहे. तो मिक्सरने येतो, त्याची पावती असते, किती घनमीटर ओतले ते मोजता येतं, नमुन्याचे साचे भरून ठेवता येतात. कोणी पाहत नसताना नीट ठोकायचा सद्गुण त्याला लागत नाही. देखरेख करायला माणसं नाहीत ही प्रत्येक महापालिकेची तक्रार आहे. मग देखरेख कमी लागेल असा माल निवडणं हाच शहाणपणा.

कोणी म्हणेल, एकलहऱ्याचे संच म्हातारे झालेत, ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची नुसती चर्चाच ऐकतोय, उद्या राख संपली तर? संच उद्या बंद झाले तरी तळ्यातली राख तिथेच राहणार आहे. तीही चालते, फक्त ती एकसारखी नसते, तिच्यात न जळलेला कोळसा कमी-जास्त असतो, म्हणून आधी तपासावी लागते. आणि राखेवाचून अडेल असंही नाही. कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांत वापरून टाकलेल्या वाळूचे ढीग आहेत, आपल्या क्रशरांवर धूळ पडून आहे, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा रात्रीच्या अंधारात नाल्याकाठी ओतला जातो. ज्या गावात जो टाकाऊ माल, त्याचं मिश्रण. जपानी लोक तर चरातून निघालेली मातीच कालवून परत ओततात.

नाशिकला आणखी एक मोठा आधार आहे. दिंडोरी रोडला १९५९ पासून महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, आपली 'मेरी'. माती, काँक्रीट आणि बांधकाम साहित्याची परीक्षा हे तिचं रोजचं काम. राज्यभरच्या धरणांचे प्रश्न इथे येतात. गल्लीतल्या चराचा प्रश्नही तिथे गेला पाहिजे.

वेळही हीच आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आहे, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. त्याआधी गटारं, जलवाहिन्या, केबल, सगळ्यांसाठी खोदाई. त्या रस्त्यांवरून लाखो माणसं अनवाणी चालणार आहेत, पालख्या आणि रुग्णवाहिका जाणार आहेत. चर बुजवल्यावर पहिल्या पावसात तो कसा वागतो याची परीक्षा पर्वणीच्या दिवशी घेऊ नये.

महापालिकेकडे आणि कुंभमेळ्याच्या कामांवर असलेल्या सगळ्याच अभियंत्यांकडे माझी मागणी छोटी आहे. गोदाकाठापासून दूर, विहिरी नसलेली एकच गल्ली निवडा. शंभर मीटर चर घ्या. पन्नास मीटर नेहमीप्रमाणे मुरुमाने भरा आणि पन्नास मीटर मेरीने तपासून दिलेल्या राखेच्या मिश्रणाने. दोन्हींवर सारखंच डांबर टाका, दोन्हींचा खर्च फलकावर लिहा. दसऱ्याला, पाऊस गेल्यावर, गल्लीतल्या लोकांना बोलवा, दोन्ही भागांवर आडवी सरळ पट्टी ठेवा आणि तिच्याखाली किती बोटं जातात ते सगळ्यांसमोर मोजा.

वाचकांनाही एक विनंती आहे. तुमच्या दारात पुढचा चर खणला जाईल तेव्हा पाइप टाकताना नाही उभे राहिलात तरी चालेल. तो बुजवायच्या दिवशी मात्र अर्धा तास काढून बाहेर या, आणि यात काय भरताय, किती थर देताय, हे विचारा.